काज-बटणं करणारी

थोरलीने तोच निळा ड्रेस तिसऱ्यांदा ट्रायल रूममध्ये नेला, तेव्हा दुकानातल्या मुलीच्या कपाळाला आठी पडली. आत स्टुलावर धाकटी बसली होती. तिने ड्रेस उलटा करून मांडीवर पसरला आणि शिवणी चाचपायला सुरुवात केली. बाहेर थोरली त्या मुलीला बोलण्यात गुंतवत होती. आपल्या कातडीला कुठलं कापड चालतं, कुठलं चालत नाही, मागच्या वर्षी कसं अंगभर पुरळ उठलं होतं. थोरलीचं बोलणं म्हणजे बिघडलेला नळ होता, एकदा सुटला की बंद होत नसे.

ड्रेसच्या कमरेची शिवण सरळ नव्हती. डाव्या कुशीपासून निघून ती तिरपी उजव्या बरगडीपर्यंत चढत गेली होती आणि तिच्याखालून चुण्या सुटल्या होत्या. धाकटीने टेप आणली नव्हती. वीत आणि बोटं लावत तिने पाठ मापली, बाहीचा मुंढा मापला, चुण्यांची खोली बघितली आणि सगळं पुटपुटत पाठ केलं.

"नाही हो, खांद्यात घट्ट होतोय," आत डोकावून ड्रेस घेऊन परत येत थोरलीने दुःखी चेहरा केला आणि तो परत दिला. रस्त्यावर आल्यावर दोघी भिंतीला टेकून पोट धरून हसल्या.

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात वरच्या मजल्यावर थोरलीचं बिऱ्हाड होतं आणि खालच्या मजल्यावर सासूबाईंबरोबर धाकटी आणि तिचा नवरा. स्वयंपाक मात्र एकच. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं शिवणयंत्रही तिच्याबरोबर आलं होतं. त्याच्या आवाजाने सासूबाईंचं डोकं उठायचं, म्हणून ते बोळात ठेवलं गेलं. त्यावर जुनी चादर आली आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. कित्येक महिने धाकटी येता-जाता त्या ढिगाकडे बघायची आणि पुढे जायची. नव्या सुनेने कशाकशाबद्दल बोलायचं?

एका दुपारी थोरलीनेच तो ढीग उचलून कॉटवर टाकला, चादर ओढली, चाकांत तेल घातलं आणि नवऱ्याला हाताशी घेऊन यंत्र वर आपल्या खोलीत खिडकीपाशी नेलं.

"आजपासून हे इथे. आईंचं डोकं माझ्या खोलीपर्यंत पोचत नाही," ती म्हणाली. "आणि मला ते जाऊबाई, अहो-जाहो नको बाई. म्हातारी झाल्यासारखं वाटतं. ताई म्हण आणि सरळ अगं-तुगं कर."

त्या घरात धाकटीला कुणीतरी पोटाशी धरलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

थोरलीच्या नवऱ्याच्या कंपनीत वार्षिक समारंभ होता आणि तो निळा ड्रेस थोरलीच्या मनात भरला होता. "मी शिवते," धाकटी म्हणाली होती, "फक्त मला तो आतून बघायला मिळायला हवा." दुकानातलं नाटक त्यासाठीच झालं होतं.

तिने आधी जुन्या चादरीचा ड्रेस बेतला. थोरलीला स्टुलावर उभं करून अंगावरच टाचण्या लावल्या, आणि लक्षात आलं की दुकानातला ड्रेस जसाच्या तसा काही उपयोगाचा नाही. थोरलीचं डावं कंबरेचं हाड जरा वर होतं. शिवण डावीकडून चढवली की ते नेमकं दिसायचं. मग धाकटीने शिवणीची दिशाच उलटी केली. खाली बसलं की पाठ वर सरकत होती, म्हणून पाठीत दोन बोटं वाढवली. थोरलीचा फोन दर तासाला हरवायचा, म्हणून त्या तिरप्या शिवणीतच एक खिसा दडवला, बाहेरून कुणाला पत्ता लागू नये असा. चुण्या तीनदा उसवल्या. चौथ्यांदा त्या अशा पडल्या की थोरली आरशासमोर गप्प झाली, आणि थोरली गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

"हा त्या दुकानातला राहिलाच नाही गं," शेवटी ती म्हणाली. "हा तुझाच झाला."

त्या दुपारी गुडघ्यावर बसून खालची दुमड टाचताना धाकटी बरंच काही बोलून गेली. लग्नाआधी तिचा कपडे बेतायच्या शाळेत प्रवेश झाला होता. वडील अंथरुणाला खिळले आणि ते राहून गेलं. पुढे सगळ्यांनी तिच्याकडून फॉल-पिको आणि उसवलेल्या शिवणीच तेवढ्या करून घेतल्या. "माझ्या हातून माझं असं काही झालंच नाही, ताई. मला कुणी कधी विचारलंच नाही की हे तू केलंस का." हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. थोरलीने खाली वाकून तिच्या केसांवरून हात फिरवला.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी थोरली चहाचा कप घेऊन उड्या मारतच खाली आली. "सगळ्या विचारत होत्या, कुठून घेतला म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, घरी शिवलाय."

धाकटीला दिवसभर तेवढं पुरलं. भाजी निवडताना मध्येच ती आपल्याशीच हसत होती. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही, आई."

आठवड्याभरात थोरली कापड घेऊन आली. एका मैत्रिणीला अगदी तसाच हवा होता, फक्त रंग वेगळा. मग दुसरीला. मग आणखी दोघींना. मापं थोरली तोंडीच सांगायची आणि धाकटी खडूने कापडावर उतरवायची.

"तुझ्या या मैत्रिणी कमाल आहेत," धाकटी एकदा म्हणाली. "कुणाचा एक खांदा खाली नाही, कुणाचं पोट सुटलेलं नाही. बायका आहेत की पुतळे?"

थोरली जरा जास्तच हसली. "व्यायाम करतात गं सगळ्या."

"एकदा बोलाव ना घरी. अंगावर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"त्यांना वेळ कुठाय? नोकरीवाल्या बायका."

न पाहिलेल्या त्या बायका मग धाकटीने मनातच रंगवल्या. एक दाताची डॉक्टर, दिवसभर वाकून काम करणारी, म्हणून तिची पाठ जरा सैल ठेवली. एकीचा चष्मा सारखा हरवतो असं थोरलीच्या बोलण्यात आलं होतं, तिचा खिसा खोल केला आणि आत मऊ अस्तर लावलं. प्रत्येकीच्या गळ्यापाशी, आतल्या बाजूला, ती एक नखभर उरेब, म्हणजे तिरप्या कापाची, पट्टी लावायची, मागच्या ड्रेसच्या उरलेल्या कापडाची. एका मैत्रिणीचा रंग दुसरीच्या मानेला लागलेला असावा, एवढाच त्यातला विचार. कुणाला दिसायचं कारणच नव्हतं.

तयार ड्रेस पिशवीत भरून द्यायचे. धाकटीचा नवरा कामावर जाताना पिशवी स्कूटरला अडकवायचा. "वहिनींच्या मैत्रिणीकडे वाटेतच टाकतो," म्हणायचा. आपला नवरा आपल्या कामाला हातभार लावतोय याचंही तिला अप्रूप वाटत होतं.

सातव्या ड्रेसला लावायची बटणं संपली आणि ती बाजारात गेली. नेहमीच्या दुकानात हवा तो रंग नव्हता, म्हणून दुकानदाराने तिला मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे बटणांच्या दुकानाला लागूनच एक नवं, चकचकीत कपड्यांचं दुकान होतं. काचेत दोन पुतळे उभे होते. एकाच्या अंगावर तिचा राखाडी ड्रेस होता, दुसऱ्याच्या अंगावर तिचा विटकरी.

आपली नजर फसतेय असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, कुणीतरी नक्कल केली असणार. ती आत गेली. काउंटरवरची मुलगी हसून पुढे आली.

"बघा ना. आमच्याकडे सध्या सगळ्यात जास्त हाच चाललाय."

"कुणी शिवलाय?" धाकटीने विचारलं.

मुलीने भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत थोरलीचा फोटो होता. निळा ड्रेस घातलेला, एक हात शिवणीतल्या खिशात घातलेला. "या आमच्या डिझायनर मॅडम. कुठल्या तरी समारंभात आमच्या मालकीणबाईंना भेटल्या. स्वतःच काढतात, स्वतःच शिवतात, घरच्या घरी. त्यांचे दीर आणून देतात माल."

थोरलीला दीर एकच होता.

"सगळं एकट्याच करतात?"

"हो. घरी हाताखाली एक आहे म्हणे, काज-बटणं करायला. पण कापणं, बेतणं, सगळं मॅडमचंच. घालून बघता का? तुमच्या अंगावर छान दिसेल."

ड्रेस हातात आला आणि पाठीमागे पडदा ओढला गेला. ती घालून-बिलून काही बघणार नव्हती. तिने तो उलटा केला. तिच्या सगळ्या टिपा जागच्या जागी होत्या. गळ्यापाशी मात्र उरेब पट्टी दिसत नव्हती. तिच्यावर रेशमी लेबल बसवलं होतं आणि लेबलावर थोरलीचं नाव विणलेलं होतं. हातशिलाई लांब लांब होती, एक टाका वर तर दुसरा खाली. एवढे वाकडे टाके घरात एकच माणूस घालायचं. म्हणजे आपण खाली पोळ्या लाटत असताना ती वर बसून हे शिवत होती, धाकटीच्या मनात आलं. स्वतःच्या हाताने, एकेक करून.

ती घरी परतली तेव्हा नवरा सुट्टी म्हणून अंगणात स्कूटर धूत होता. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तुला माहीत होतं?"

काय, असं त्याने विचारलंच नाही. त्यावरूनच ती समजली. पाण्याची नळी हातात तशीच धरून तो उभा राहिला आणि पाणी त्याच्या चपलांवरून वाहत राहिलं.

"वहिनी म्हणाल्या, इतक्यात सांगू नका. जम बसला की त्या स्वतःच सांगणार होत्या. तुझा हिस्सा बाजूला काढून ठेवतायत त्या."

"हिस्सा विचारला का मी?"

"अगं, घरातल्या घरातच आहे ना. नाव त्यांचं काय, तुझं काय. आडनाव एकच."

"आईंना माहीत आहे?"

तो नळी बंद करायला वळला. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी आतूनच उत्तर दिलं, "मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक पोरीला. पण मला वाटलं, तू शांत स्वभावाची, तुला चार लोकांत मिरवायची हौस नाही. तिला आहे. बिघडलं कुठे?"

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. रोज एका ताटाशी बसणाऱ्या चार माणसांनी ही गोष्ट जपून ठेवली होती, आणि तीही पाचव्या माणसाच्या हातचं खात. आंधळी कोशिंबीर खेळताना सगळे आपल्याभोवती श्वास रोखून उभे असावेत आणि आपण हसत हसत हवेत हात फिरवत असावं, तसं तिचं झालं होतं.

ती जिना चढून गेली. थोरली पलंगावर कापडाचे तुकडे मांडून बसली होती. तिने वर पाहिलं आणि धाकटीच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं.

"बस ना," ती म्हणाली.

"जाऊबाई, तुम्ही त्यांना सांगितलंत की मी काज-बटणं करते."

'तुम्ही' ऐकून थोरलीचा चेहरा एखादी चपराक बसावी तसा झाला.

"ऐकून तर घे. त्या बाईने त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, हे तुम्ही केलंत का. मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं गं. मला काय येतं? बोलता येतं, बस्स. माझ्या तोंडून हो निघून गेलं. वाटलं, एका संध्याकाळपुरतं आहे. मग तिने दुकानात बोलावलं. मग आणखी मागितले. रोज ठरवायची, आज सांगते."

"आणि काज-बटणं?"

थोरली खाली बघायला लागली. "तिने विचारलं, एवढं सगळं एकट्या कशा करता. काहीतरी सांगायला हवं होतं."

"कुणी विचारत नाही, हे तर माझं बोलणं होतं. तुमच्यासमोर गुडघ्यावर बसून बोलले होते मी."

आता थोरलीचा आवाज चढला. चूक सापडलेल्या माणसाचा चढतो तसा. "आणि तू? तू तरी कुठे आकाशातून आणलास? दुकानातलाच उचललास ना? ट्रायल रूमबाहेर मीच उभी होते. आपण दोघींनी मिळून चोरला आणि आता तूच मला चोर म्हणतेस?"

त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. धाकटी खिडकीपाशी गेली आणि यंत्राच्या चाकावरचा पट्टा काढला, आता ते चालणार नव्हतं.

"त्या दुकानाने मला पोटाशी धरलं नव्हतं," ती म्हणाली.

यापलीकडे भांडण झालं नाही. सातवा ड्रेस एका बाहीविना तसाच पडून राहिला. थोरलीने तो स्वतः पुरा करायचा घाट घातला आणि दोन दिवस वरून कात्रीचा आणि उसासे टाकल्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी ती जिन्यात धाकटीच्या समोर येऊन उभी राहिली, हातात ड्रेस होता.

"बाही बसतच नाही. फक्त एवढं सांग, काय चुकतंय."

धाकटीने हात न लावता पाहिलं. "उलटी लावलीय. पुढचा भाग मागे गेलाय."

"लावून दे ना. एवढीच एक. मी त्यांना सगळं खरं सांगते, आईशप्पथ."

"सांगा," धाकटी म्हणाली आणि बाजूने खाली उतरून गेली.

थोरलीने दुकानात काय सांगितलं ते धाकटीला कळलं नाही, म्हणून एका सकाळी ती स्वतःच तिथे गेली. मालकीणबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला जरा संशय होताच," त्या म्हणाल्या. "त्यांचे हात शिवणाऱ्या बाईचे नाहीत. पण तुमच्या घरातल्या भानगडीत मी कशाला पडू? आणि खरं सांगायचं तर आता गरजही नाही. एक ड्रेस उसवून कारखान्यात दिलाय, पुढच्या महिन्यात ढिगाने येतील. खिसा काढून टाकलाय. त्यात फार वेळ जातो."

धाकटीला भांडायचंच होतं, म्हणून ती आली होती. पण समोरची बाई इतक्या सहज बोलत होती की राग कशाचा धरावा तेच तिला समजेना. ती पाणी न पिताच उठली. भिंतीवरचा फोटो मध्यंतरी काढलेला होता आणि मागे फिकट चौकोन उरला होता.

त्याच महिन्यात तिने यंत्र घराबाहेर हलवलं. बसथांब्याजवळच्या लाँड्रीवाल्याकडे पुढच्या बाजूला अर्धी खोली रिकामी होती. कपडे धुवायला टाकणारे लोक चेन तुटली, कंबर सैल झाली असं म्हणत असायचे आणि त्याला असं कुणीतरी हवंच होतं. यंत्र खाली आणायला नवरा पुढे झाला. "राहू दे," ती म्हणाली आणि हमालाला बोलावून आणलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. "लोक काय म्हणतील," त्या पुटपुटल्या. "लोकांना सांगा, काज-बटणं करायला जाते," धाकटी म्हणाली.

काम मिळत गेलं. तिच्याकडे आता खरीखुरी माणसं येत होती. एक खांदा खाली असलेली, पोट सुटलेली, एक पाय आखूड असलेली, पाठीला बाक आलेली. अंगावर बघून ती माप घ्यायची आणि दुकानातून आणलेले कपडे त्यांच्या बेताचे करून द्यायची. एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा कोट तिने दोन दिवस खपून बसवला, तर ती आरशासमोर म्हणाली, "बाई, हे तुम्ही केलंत?" धाकटीने होकाराची मान हलवली. ज्या वाक्यासाठी ती इतकी वर्षं आसुसली होती ते कानावर पडलं, आणि तिला आधी आठवली ती थोरली. या गोष्टीचा तिला फार राग आला.

घरी सगळं रीतसर चाललं होतं. मीठ दे, दार लाव, गॅस संपलाय. थोरली गप्प झाली होती आणि तिच्या गप्प राहण्याने घर ओकंओकं वाटायचं. एकदा भांडी विसळताना ती हळूच म्हणाली, "चार शिव्या तरी दे गं."

"ताट इकडे द्या," धाकटी म्हणाली.

एका संध्याकाळी नवरा तिला न्यायला लाँड्रीत आला. एरवी तो बाहेर स्कूटरवरच बसून राहायचा. त्या दिवशी आत येऊन इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहिला.

"वहिनी विचारत होत्या..."

"त्यांचं त्या विचारतील. तू तुझं बोल."

त्याने टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाला, "पिशव्या नेताना मला दर वेळी वाटायचं, तुला सांगावं. तू खूश दिसायचीस. म्हणून सांगवलं नाही. चुकलं माझं."

त्यात खोटं काही नव्हतं, हे तिला कळलं. "बस," ती म्हणाली, "एवढी कंबर झाली की निघू."

घरी जाताना सिग्नलला त्याने मान वळवून विचारलं, आज काय काय काम आलं. ती सांगायला लागली. शिक्षिकेच्या कोटाबद्दल, चेन अडकलेल्या माणसाबद्दल. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण निवडून सांगतोय. पूर्वी ती त्याला दिवसभराचं सगळं ओतून मोकळी व्हायची. आता शिक्षिका काय म्हणाली ते तिने मागे ठेवलं, आणि काही मागे ठेवलंय हे त्याला कळू नये म्हणून ती मध्येच हसलीही. तोही हसला. दिवा हिरवा झाला आणि त्याने स्कूटर पुढे काढली.